मैदानाबाहेरचा आवाज

पप्पा,

मागच्या महिन्यात मी एका बापाला मैदानाच्या कडेवरून लांब जाऊन उभं राहायला सांगितलं, आणि तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. शाळा सुटली आहे. सरावाला अजून थोडा वेळ आहे. स्टाफरूममध्ये कुणी नाही, तरी मी दोनदा उठून पाणी पिऊन आले आणि खिडकीचा पडदा उगाच सारखा केला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमचा चेहरा नीट आठवायला फोटो बघावा लागतो. आवाजासाठी मात्र काही बघावं लागत नाही. तो कानातच आहे. म्हणून म्हटलं, ही गोष्ट दुसऱ्या कुणाला सांगण्यापेक्षा तुम्हालाच सांगावी. पटली नाही तर तुम्ही काय म्हणाल तेही मला ठाऊक आहे.

मी आता मुलींना फुटबॉल शिकवते. कोडोलीच्या बाजूला एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. मुली आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या, काही वारणानगरच्या कारखान्याच्या कॉलनीतल्या. मैदानाच्या एका अंगाला ऊस आहे. बॉल उसात गेला की आणायला दोघी जातात, एकटी कुणी जात नाही. नावं लिहीत नाही. मैदानावर मी त्यांना नंबरावरूनच हाका मारते आणि आता त्याही एकमेकींना तशाच मारतात. त्यातली माझी आठ नंबर तेरा वर्षांची आहे. तिच्या पायाला बॉल लागला की चिकटतो. असा पाय शिकवून येत नाही, हे तुम्ही आपल्या पेठेतल्या पोरांबद्दल म्हणायचा ना, तसा. पण बॉल पायाशी आला की ही पोरगी मान वर करायची आणि मैदानाकडं बघायचीच नाही, लाईनीबाहेर बघायची. तिथं तिचे वडील उभे असायचे. गळ्यात टॉवेल, मागं मोटरसायकलला दुधाच्या रिकाम्या किटल्या अडकवलेल्या. डेअरीत दूध घालून थेट मैदानावर. आणि तिथून सुरू. "दे, दे! मागं दे! आता मार! अगं मार की! बघतीस काय?"

बघतीस काय! पप्पा, मी त्या मुलींना एवढी एकच गोष्ट शिकवायला धडपडत होते, की बघा. बॉल यायच्या आधी मान वळवून बघा, मोकळं कोण आहे, अंगावर कोण येतंय, मग ठरवा. आणि तो माणूस तिला बघितलं म्हणून ओरडत होता.

मी हे फुटबॉल कोचिंगच्या एका कोर्सला शिकले. तिथले सर म्हणाले, पोरांना उत्तर देऊ नका, अडचण द्या. मला ते इतकं लागलं की त्या दिवशी मी नीट जेवले नाही. परत आल्यावर मी मुलींना चार गोलचा खेळ लावला. प्रत्येक बाजूला दोन दोन गोल, चपलांच्या जोड्या मांडून केलेले. एका गोलपुढं गर्दी झाली की दुसरा मोकळा राहतो. जिला आधी दिसेल तिचा गोल. पहिले काही दिवस सगळ्याजणी बॉलच्या मागं एकाच गोलकडं, दुसऱ्या चपला तशाच राखण करत पडलेल्या. मी शिट्टी वाजवून खेळ आहे तिथं थांबवायची आणि विचारायची, "काय दिसलं तुला?" उत्तर यायचं, "बॉल." "बॉलशिवाय?" "काय न्हाय मॅडम." मग हळूहळू कुणी म्हणायला लागली, तिकडं मोकळं हुतं. कुणी म्हणाली, ही पळणार हाय असं वाटलं. मला तर पहिल्यांदा कुणी "वाटलं" म्हणाली त्या दिवशी घरी जाऊन नाचावंसं वाटलं. आठ नंबर सरावाला सगळ्यांत पुढं. तिला सगळं दिसायचं. पण मॅच असली आणि लाईनीवर मोटरसायकल येऊन थांबली, की संपलं. बॉल, मान, बाप. बॉल, मान, बाप.

आणि ते बघताना मला घाम फुटायचा, कारण ती मान माझी होती.

तुम्हाला आठवतं का, आई भाकरी थापत बसलेली असायची आणि तुम्ही फौंड्रीतून येऊन, हातपाय धुऊन, तिच्या शेजारीच फरशीवर मैदान मांडायचा. लिंबं म्हणजे आम्ही. लसणाच्या कुड्या म्हणजे समोरच्या. आई म्हणायची, "तो लसूण हिकडं द्या आधी, आमटीला पायजे," आणि तुम्ही म्हणायचा, "थांब की जरा, सेंटर हाफ हाय त्यो." एकदा तिनं खरंच तुमचा सेंटर हाफ उचलून ठेचून आमटीत टाकला आणि आपण तिघं किती हसलो. तुम्ही लिंबं सरकवत सांगायचा, हितं बॉल आला की तू हितं, मग हिला द्यायचा, मग पळायचं. मी मान हलवायची. मला सगळं समजायचं, खरंच. पण आता मागं वळून बघते तेव्हा एक गोष्ट दिसते. लिंबांना मी कधी हात लावल्याचं आठवत नाही. सगळी लिंबं तुम्हीच हलवायचा.

मैदानावर तुमचा आवाज सगळ्या आवाजांच्या वरून यायचा. ग्राइंडिंग खात्यात उभं राहून तुमचे कान गेले होते, त्यामुळं आपण किती मोठ्यानं बोलतो ते तुम्हाला कळायचंच नाही. घरात मीठ मागायचा तरी शेजारीण डोकावायची. माझ्या मैत्रिणी हसायच्या, म्हणायच्या, तुझा रेडिओ आला बघ. मला लाज वाटायची आणि बरंही वाटायचं. त्या वेळी किती मुलींचे वडील येत होते मॅचला? तुम्ही रात्रपाळी करून न झोपता यायचा. पेठेच्या तालमीच्या फुटबॉल टीमकडून तुम्ही स्वतः खेळलेला माणूस, तुम्हाला पुढचे तीन पास आधी दिसायचे. तुम्ही म्हणायचा "डावीकडं" आणि मी डावीकडं. "मार" म्हणायचा आणि मी मारायची. शाळांच्या त्या सेमीफायनलला मी गोलच्या तोंडाशी होते, तुम्ही "मार" म्हणालात, मी मारला आणि बॉल वरून गेला. उजवीकडं माझी मैत्रीण एकटी हात वर करून उभी होती. घरी येताना मी गाडीवर तुमच्या मागं. मग गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवून म्हणालात, "मार म्हटलं म्हंजे डोळं मिटून मार म्हटलं न्हाय. ती पोरगी दिसली न्हाय व्हय तुला?" खरं तर ती मला दिसलीच नव्हती. मी तुमचा आवाज ऐकत होते. बघायला सवड कुठं होती?

तुम्ही फौंड्रीतच छातीत कळ येऊन गेलात. त्यानंतर काही महिन्यांनी मी पुन्हा मैदानात उतरले. आईच म्हणाली, जा, त्यांना आवडलं असतं. पहिला बॉल माझ्याकडं आला, सरळ, सोपा. मी तो पायाखाली थांबवला आणि उभी राहिले. आजूबाजूला सगळ्याजणी पळत होत्या. मी उभी. समोरची आली, माझ्या पायातून बॉल काढून घेऊन गेली. असं दोनदा, तीनदा झालं. आमच्या टीमच्या सरांनी मला बाहेर घेतलं, पाठीवर हात ठेवला, सगळ्यांना वाटलं दुःख अजून ताजं आहे. दुःख होतंच. पण मी उभी राहिले ती दुःखानं नाही पप्पा. मी वाट बघत होते. कुणीतरी सांगेल म्हणून.

हे तुमच्यावर ठपका ठेवायला लिहीत नाही. की ठेवतेय? मलाच कळत नाही. हे वाक्य लिहून मी परत उठले आणि परत बसले.

तर त्या दिवशी पेठ वडगावच्या मुलींबरोबर आमची सरावाची मॅच होती. आठ नंबरचे वडील नेहमीप्रमाणं सुरू झाले. पोरगी बॉल घ्यायची, त्यांच्याकडं बघायची, तोवर दोघी अंगावर. हाफटाईमला मी त्यांच्याजवळ गेले. शक्य तितक्या हळू म्हणाले, "दादा, एक विनंती आहे. पुढचा हाफ तुम्ही तिकडं झाडाखाली थांबाल का? आणि काही सांगू नका तिला."

"का? काय चुकीचं सांगितलं का मी?"

"चुकीचं नाही. पण तिचं तिला ठरवू दे."

"तेरा वर्साची पोर काय ठरीवणार?" आवाज चढला. बाकीचे पालक वळून बघायला लागले. "माझी पोरगी हाय. मी न्हाय सांगायचं तर कुणी सांगायचं? तुम्ही तर निस्त्या हाताची घडी घालून हुबं ऱ्हाताय!"

"कुणीच सांगायचं नाही," मी म्हणाले. आणि मग जे म्हणायला नको होतं तेही म्हणाले. "तुमच्या ओरडण्यानं तिचं नुकसान होतंय."

मग त्यांनी पोरीला हाक मारली. एकच हाक. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. खाली बसून नडगीवरची शिन पॅड काढली, मोज्यात गुंडाळली आणि किटल्यांच्या मधे जागा करून गाडीवर बसली. दुसऱ्या दिवशी सरावाला आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. शाळेत समोर दिसली की मान खाली घालून पुढं जायची. जिल्ह्याची शालेय स्पर्धा तोंडावर आलेली, पण ते राहू दे. रात्री पडल्यावर मला वाटायचं, तुम्हाला कुणी असं चारचौघांत लांब जा म्हणालं असतं तर? तुम्ही गेला असता का? आणि मी तुमच्या मागं गाडीवर बसले असते, हे नक्की.

शेवटी एका संध्याकाळी स्कूटी काढून त्यांच्या घरी गेले. घराला लागूनच गोठा, तीन जर्सी गाई. वडील धार काढत होते. "या," एवढंच म्हणाले. बायकोनं खुर्ची दिली, चहा ठेवला. पोरगी दारात उभी राहिली, आत ना बाहेर. मी आधी माफी मागितली, लोकांसमोर बोलले त्याची. त्यांनी आधी धार पुरी केली. मग बादली बाजूला ठेवून, हात पुसत म्हणाले, "मॅडम, तुमचं बरोबरबी असंल. मी काय शिकल्याला न्हाय. पर मला एक सांगा. मी गप बसलो, तर तितं हुबं ऱ्हाऊन करू काय?"

त्यांनी ते भांडायला विचारलं नव्हतं. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं. सारखे प्रश्न विचारणारी बाई मी, आणि आता प्रश्न मला आला होता. मला तुम्ही दिसलात, रात्रपाळीच्या डोळ्यांनी लाईनीवर उभे. तुमच्या हातात तरी दुसरं काय होतं? पायात बॉल नव्हता. अंगात तालमीची जर्सी उरली नव्हती. राहिला होता तो आवाज.

"बघायचं," मी कसंबसं म्हणाले.

"निस्तं?"

"नुसतं. लय अवघड असतं ते. मलापण जमत नाही."

ते हसले नाहीत, पण कपाळाची आठी गेली. पोरीकडं वळून म्हणाले, "तूच सांग गं. मी येऊ का नको?"

पोरगी त्यांच्याकडं बघायला लागली. मग माझ्याकडं. आतून चहा उतू गेल्याचा वास आला तरी कुणी हललं नाही. शेवटी ती पायाच्या अंगठ्यानं उंबरा टोकरत म्हणाली, "तुमी या की. पर वरडू नका." आणि मी मनात हुश्श म्हणते तोवर पुढं म्हणाली, "आनी मॅडमनीबी इचारू नगं."

"मी? मी काय विचारते?"

"सारखं इचारताय की. काय दिसलं, काय दिसलं. मॅचमधी बॉल आला की पप्पांचं वरडनं ऐकू येतंय, आनी ते झालं की डोक्यात तुमचं काय दिसलं सुरू. मग मला कायच दिसत न्हाय."

तिचे वडील आता हसले. मोठ्यानं, मांडीवर थाप मारून. "घ्या मॅडम!" म्हणाले. मी पण हसले, चहा प्याले, आणि परत येताना उसाच्या वाटेवर स्कूटी थांबवून बराच वेळ तशीच बसून राहिले. म्हणजे मी काय केलं पप्पा? तुमचा आवाज बंद करायला निघाले आणि त्याच जागी माझा नेऊन ठेवला. तुम्ही हुकूम द्यायचा, मी प्रश्न देते. पोरीच्या डोक्यात गर्दी तेवढीच.

जिल्ह्याच्या मॅचला आम्ही दोघांनीही तोंड उघडायचं नाही, असं ठरलं. मी बाकावर हाताखाली हात दाबून बसले. ते लांब जाळीपाशी उभे राहिले, टॉवेलचं टोक तोंडात धरून. समोरच्या शाळेचे सर मात्र पहिल्या मिनिटापासून ओरडत होते. एक पास त्यांनी सोडला नाही. आमच्या मुली सुरुवातीला गांगरल्या. एवढी शांतता त्यांनाही नवी. मग त्या एकमेकींत बोलायला लागल्या आणि आठ नंबरनं दोघींच्या मधून असा एक बॉल सोडला की मी जागेवरून उठलेच. गोल झाला. मी वळून जाळीकडं बघितलं तर ते दोन्ही हातांनी जाळी हलवत होते, तोंडात टॉवेल तसाच.

मॅच संपत आली होती. आम्ही एका गोलनं पुढं. आपल्याच गोलपुढं आठ नंबरला बॉल मिळाला. तिच्या मागून त्यांची एक लांब पायांची मुलगी येत होती. मला दिसली. बॉल सरळ बाहेर मारायचा, संपलं. पण आमच्या पोरीनं डावीकडं बघितलं, तिकडं खरंच मोकळं होतं, आणि ती वळून पास द्यायला गेली. डावीकडची जागेवरच उभी. पास कुणालाच गेला नाही, लांब पायांच्या मुलीनं तो घेतला आणि गोल केला. बरोबरी. मग पेनल्टीवर आम्ही हरलो. शेवटपर्यंत ओरडणारे सर जिंकले. हेडसरांनी दुसऱ्या दिवशी विचारलं, "मॅडम, तुम्ही म्हणे तोंडातून शब्द काढला नाही. मग तुम्ही गेलता कशाला?"

मॅच संपल्यावर तिचे वडील माझ्याजवळ येऊन उभे राहिले. टॉवेल ओला झाला होता. "मॅडम, मला दिसली हुती ती मागनं येताना. म्या हाळी मारली असती तर वाचलं असतं."

"हो," मी म्हणाले. "मलाही दिसली होती. वाचलं असतं."

खोटं काय सांगू त्यांना? वाचलंच असतं.

आम्हाला वाटलं पोरगी रडत येईल. कुणाकडं आधी येईल, एवढाच प्रश्न. पण ती आमच्याकडं आलीच नाही. ती तरातरा डावीकडच्या मुलीकडं गेली. "तू पळाली का न्हाईस?"

"मला काय म्हाईत तू देनार हाईस!"

"मी बघितलं की तुज्याकडं!"

"बघून कळतंय व्हय? हाक मारायची!"

"मग तू मारायची! मोकळी तू हुतीस!"

दोघी भांडत होत्या, बाकीच्या भोवती जमल्या, कुणी जमिनीवर पायानं रेघ ओढून दाखवायला लागली, कुणी ती पुसून दुसरी ओढली. डोळे लाल होते सगळ्यांचे, पण भांडण थांबेना. एकीनंही मान वर करून लाईनीकडं बघितलं नाही. तिचे वडील आणि मी, पाहुण्यांसारखे बाजूला उभे. थोड्या वेळानं ते हळू आवाजात म्हणाले, आणि त्यांचा आवाज एवढा हळू होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं, "आपल्याकडं बघिनाच झाली की ओ."

मला आनंद व्हायला हवा होता. हेच तर मी शिकवत होते. झालाही असेल. पण पप्पा, त्या माणसाच्या शेजारी उभी असताना मला पहिल्यांदा तुमच्या बाजूनं मैदान दिसलं. तिथून ते फार लांब दिसतं. आणि आपलं माणूस आपल्याकडं वळून बघतं तो एवढासा क्षण, तेवढ्यासाठी माणूस न झोपता येऊन उभा राहत असेल. मी तुमच्याकडं बघायची ती काय करू हे विचारायलाच बघायची का? की तुम्ही आहात ना, एवढं बघायला? तुम्ही त्यालाच उत्तर देत होता का, "मार" म्हणून? हे आता कुणाला विचारू?

तिचे वडील अजून येतात. जाळीपाशी उभे राहतात. मधेच एखादी हाळी सुटते, मग जीभ चावतात. मी "काय दिसलं" कमी विचारते. कधी कधी अजिबात विचारत नाही, आणि मग घरी जाऊन वाटतं, आज मी काही शिकवलंच नाही. कुठं थांबायचं आणि कुठं बोलायचं ते मला अजून कळलेलं नाही. कळेल असंही वाटत नाही. तुम्हाला निदान शंका तरी नसायची.

सरावाची वेळ होऊन गेली. हे लिहिता लिहिता बाहेर आवाज सुरू झाला तेव्हा मी खिडकीतून बघितलं. मुलींनी बॉल काढून घेतलाय, आपसात गट पाडलेत आणि खेळ सुरू केलाय. शिट्टी माझ्या टेबलावरच आहे. कुणाचं तरी काहीतरी चुकलं, ओरडाआरडा झाला, मिटला, परत सुरू. मला केव्हाच उठायला पाहिजे होतं. हे पत्र कुठं जाणार नाही हे काय मला माहीत नाही? मागचं पान मी नुसतं वेळ काढायला लिहिलंय. मी गेले की त्या थांबतील आणि माझ्याकडं बघतील, याची मला भीती वाटते. आणि मी गेले तरी त्या थांबल्याच नाहीत तर, याची त्याहून थोडी जास्त.